टायर वाढले, किलोमीटर लांबले

पिकअप ट्रकला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले की पहिली तक्रार येते ती अ‍ॅव्हरेजची. टाकी फुल करायची, रीडिंग लिहायचं, पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते बघायचं, ही माझी जुनी सवय. लिटरला १२ देणारी गाडी नवे टायर पडल्यावर १०.८ वर आली. सरळ दहा टक्के घट. ज्याला सांगावं तो म्हणे, "टायर जड आहेत, रुंद आहेत, डिझेल खाणारच." थोडं खातातच, त्यात खोटं काही नाही. पण या घटीतला मोठा वाटा डिझेलचा नव्हताच. गाडी जेवढी धावत होती तेवढे किलोमीटर मीटरवर चढत नव्हते.

जुने टायर २४५/७० आर १६ होते, नवे २६५/७५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्क्यांचा: रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या बाजूच्या भिंतीची. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. एकाच खुणेत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी का केली देव जाणे, पण हिशेब सोपा आहे. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची, वरची एकदा आणि खालची एकदा. जुन्या टायरचा व्यास आला ७४९.४, नव्याचा ८०३.९. नव्याला जुन्याने भागलं की १.०७३. रिम तोच आहे म्हणजे माप तेच, असं समजणारे बरेच भेटतात. रिम तोच राहूनही टायर सात टक्क्यांनी मोठा झालेला असतो.

गाडीतला कॉम्प्युटर फक्त चाकाचे फेरे मोजतो. माझ्या गाडीत हे काम चाकाजवळच्या एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरचं आहे. हबवर एक दातेरी रिंग फिरते, तिच्यासमोर सेन्सर बसलेला असतो, आणि प्रत्येक दात समोरून गेला की एक पल्स जातो. पल्स मोजायचे, एका फेऱ्याला गाडी किती मिलिमीटर पुढे जाते त्या आकड्याने गुणायचं, झालं अंतर. तेच अंतर वेळेने भागलं की वेग. हा मिलिमीटरचा आकडा कारखान्यातून बाहेर पडताना मेमरीत भरलेला असतो. आपण टायर बदलतो, पण तो आकडा जुनाच राहतो. एवढीच सगळी भानगड.

टायर बसवायच्या आधी मी दोन गोष्टी टिपून ठेवल्या होत्या, आणि पुढे त्यांचाच आधार झाला. एक म्हणजे स्पीडोमीटरच्या काट्याचा वेग आणि फोनवरचा जीपीएसचा वेग. दुसरी म्हणजे हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांप्रमाणे पन्नास किलोमीटर गेल्यावर ओडोमीटर, म्हणजे किलोमीटर मोजणारा मीटर, किती दाखवतो ते. जुन्या टायरवर काटा ८० वर असताना जीपीएस ७७ म्हणायचा. काटा १०० वर असताना ९६. म्हणजे काटा चारेक टक्के पुढे. ओडोमीटर मात्र दगडांशी अगदी इमानदार, पन्नासाला पन्नास. एकाच डॅशबोर्डवरची ही दोन यंत्रं एकाच सेन्सरवर चालतात आणि तरी एक फुगवून सांगतं, दुसरं खरं सांगतं. याचं कारण पुढे येईल.

जीपीएसच्या वेगाबद्दल एक सांगायला हवं. फोन हा वेग मुख्यतः उपग्रहांच्या सिग्नलच्या लहरींत पडणाऱ्या फरकावरून काढतो, त्यामुळे तो बराच अचूक असतो, पण वेग कमीजास्त होत असताना मागे रेंगाळतो. म्हणून सरळ, सपाट रस्ता बघायचा, क्रूझ कंट्रोल लावायचा, वेग स्थिर झाल्यावर थोडं थांबायचं आणि आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा. स्टिअरिंग हातात धरून फोनकडे डोळे लावायचे नाहीत.

नव्या टायरवर हेच परत केलं. काटा ८०, जीपीएस ८२. काटा १००, जीपीएस १०२ आणि १०३ च्या मध्ये कुठेतरी. हे ऐकून बहुतेक जण म्हणतील, दोन-अडीचचा फरक, सोडून द्या. मीही सोडून दिलं असतं, पण दगडांची चाचणी वेगळं सांगत होती. पन्नास किलोमीटरला ओडोमीटरने ४६.८ दाखवले. काट्याची चूक तीन टक्क्यांच्याही आत आणि किलोमीटरची जवळपास सात. टायर तेच, सेन्सर तेच. काट्याला कारखान्याने आधीच चार टक्के पुढे ठेवलं होतं, ती शिल्लक या सात टक्क्यांतून वजा झाली. ओडोमीटरकडे अशी शिल्लक नव्हती, त्याला पूर्ण फटका बसला. नुसता काटा जीपीएसला लावून बघणाऱ्याला हा घोळ कधी कळतच नाही.

इथे टक्क्यांचा एक सापळा आहे. पन्नासातले ३.२ कमी पडले, म्हणजे ६.४ टक्के. पण दुरुस्ती ६.४ टक्क्यांची करून भागत नाही. ५० ला ४६.८ ने भागायचं, येतं १.०६८. म्हणजे आकडा ६.८ टक्क्यांनी वाढवावा लागतो. एक उणे किती ते सांगतं, दुसरं अधिक किती ते. लांबच्या हिशेबात हा फरक जाणवतो.

आता प्रश्न असा की कॉम्प्युटरला नवा आकडा द्यायचा कुठला. व्यास ८०३.९ ला ३.१४ ने गुणलं तर २५२४ मिलिमीटर येतात. हा आकडा भरला तर तीन टक्के चूक उलट्या बाजूला होते, कारण टायरवर वजन पडलं की तो खाली थोडा दबतो आणि एका फेऱ्यात कागदावरच्या परिघापेक्षा कमी अंतर तोडतो. रेडियल टायरसाठी (मापातला 'आर' तोच) व्यासाला ३.०५ ने गुणतात. त्याने २४५२ येतात. दुसरं टोक गाठणारेही असतात. ते हबच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजतात आणि तिलाच त्रिज्या धरून परिघ काढतात. तो आकडा फारच लहान येतो. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो. तो खाली चपटा होतो, पण आखूड होत नाही. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा सगळाच्या सगळा जमिनीला लागून पुढे जातो. त्यामुळे हवा थोडी कमी असली तर उंची लगेच उतरते, पण एका फेऱ्याचं अंतर फारसं हलत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतः मोजणं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मजा आली ती याच कामात. सकाळी टायर थंड असताना हवा बरोबर भरली. गाडीत नेहमीचं सामान ठेवलं आणि चालकाच्या सीटवर माणूस बसवला, कारण रिकामी गाडी आणि माणसासकट गाडी यांत फरक पडतो. मागच्या टायरच्या भिंतीवर, जमिनीला टेकलेल्या भागाच्या बरोबर वर, खडूची उभी रेघ मारली. तिच्या सरळ खाली जमिनीवर दुसरी. रेघ डोळ्याच्या अंदाजाने मारायची नाही; ओळंबा सोडायचा. मग गाडी अगदी हळू, सरळ पुढे घ्यायची आणि रेघ खाली आली की एक म्हणायचं. एकच फेरा मोजला तर खडूच्या रेघेची जाडीसुद्धा हिशेबात येते, म्हणून दहा फेरे घेतले. दहाव्याला गाडी थांबवली, जमिनीवर खूण केली आणि लांब टेप धरला. टेप ताणून धरायचा. मध्ये पोट पडलं की आकडा फुगतो. अंतर भरलं २४ मीटर ४७ सेंटिमीटर. म्हणजे फेऱ्याला २४४७ मिलिमीटर.

कागदावरचे २४५२ आणि जमिनीवरचे २४४७, पाच मिलिमीटरचा फरक. एवढं जुळलं की माणसाला विनाकारण आपण इंजिनिअर असल्यासारखं वाटतं.

गॅरेजला गेलो तेव्हा तिथे एक जुना ट्रक उभा होता, केबलच्या मीटरचा. त्याचेही टायर बदललेले, तक्रारही तीच. त्यात कॉम्प्युटर नाहीच. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक छोटा प्लास्टिकचा गिअर असतो, त्याला केबल जोडलेली, केबलचं दुसरं टोक मीटरमध्ये. तिथे दुरुस्ती म्हणजे तो छोटा गिअर बदलणं. दाते कमी केले की केबल जोरात फिरते. त्यांनी ३१ दात्यांचा काढून २९ चा घातला. ३१ भागिले २९ म्हणजे १.०६९, माझ्याच दुरुस्तीच्या मापाचा. पण अशा मीटरमध्ये केबल आत गेल्यावर दोन वाटा फुटतात हे ध्यानात ठेवावं. ओडोमीटरची चाकं केबलला गिअरने थेट जोडलेली असतात, त्यामुळे केबलचे फेरे आणि आकडे यांचं नातं पक्कं. काटा मात्र थेट जोडलेला नसतो. केबलच्या टोकाला चुंबक फिरतं, त्याच्याभोवती काट्याला जोडलेली अ‍ॅल्युमिनिअमची वाटी असते, फिरत्या चुंबकाने तिच्यात वीज खेळते आणि वाटी ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. चुंबक क्षीण झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली तर काटा चुकतो, किलोमीटर नाही. अशा वेळी गिअर बदलला तर काटा सुधारेल आणि बरोबर असलेले किलोमीटर बिघडतील. म्हणून जुन्या ट्रकलासुद्धा आधी दगडांवर चालवून बघायचं.

सेन्सर कुठे आहे तेही बघावं लागतं. माझ्यासारखा चाकापाशी असेल तर फक्त टायरचा आकडा बदलून भागतं. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असेल, आणि कुणी मोठे टायर ओढायला म्हणून डिफरन्शिअलचा (धुरीवरच्या, दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीचा) रेशोही बदलला असेल, तर दोन्ही बदल हिशेबात धरावे लागतात. काही गाड्यांत मेमरीत हात घालताच येत नाही. तिथे सेन्सर आणि मीटर यांच्या वायरमध्ये एक छोटी डबी बसवतात, ती पल्सची संख्या ठरलेल्या प्रमाणात वाढवून पुढे पाठवते. आणि टॅकोग्राफ (वेग आणि अंतर नोंदवून ठेवणारं यंत्र) असलेल्या मोठ्या मालट्रकचं प्रकरण निराळंच. तिथे किलोमीटरमागचे पल्स आणि टायरचा प्रभावी परिघ या नोंदी अधिकृत असतात, सील असतं, आणि मोजणी-नोंदणी परवानाधारक कार्यशाळेतच होते. तिथे घरगुती उद्योग करायचा नाही.

माझं काम स्कॅनरवर झालं. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला. इग्निशन ऑन, इंजिन बंद. बॅटरीला चार्जर जोडून ठेवला, कारण मेमरीत लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, अर्धवट लिहिलेलं राहतं आणि पुढची डोकेदुखी टायरपेक्षा मोठी होते. कारागीर सरावाचा होता. आधी त्याने सगळे जुने कोड वाचून सेव्ह केले, मग टायरच्या परिघाची जागा शोधली. तिथे २२९० लिहिलं होतं. माझ्या २४४७ ला २२९० ने भागलं तर १.०६९, म्हणजे दगडांच्या चाचणीने सांगितलेलीच गोष्ट. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आल्यावर मला स्कॅनरची भीती वाटेनाशी झाली. जुना आकडा मी वहीत लिहिला आणि स्क्रीनचा फोटोही घेतला. परत जुन्या मापाचे टायर टाकायचे झाले तर २२९० लागणार.

काही गाड्यांत इथे फक्त कंपनीने मान्य केलेल्या मापांची यादी येते, त्यातलंच एक निवडावं लागतं. माझ्या गाडीत आकडा भरता येत होता, पण दहा-दहाच्या पायऱ्यांनी. २४४० नाहीतर २४५०. मी २४५० घ्यायला सांगितलं. तीन मिलिमीटरचा फरक म्हणजे शंभर किलोमीटरला सव्वाशे मीटरही नाही.

लिहून झालं, स्कॅनरने "यशस्वी" म्हटलं, आणि मीटर काही जुना हिशेब सोडेना. कारागिराला याचं नवल नव्हतं. इग्निशन बंद केलं, दारं लावली, चावी गाडीपासून लांब नेली आणि गाडीतली सगळी मॉड्यूल झोपेपर्यंत वाट पाहिली. मध्येच कुणी दार उघडलं की ती पुन्हा जागी होतात आणि वाट पाहणं नव्याने सुरू होतं. परत इग्निशन दिल्यावर एबीएसचा पिवळा दिवा थोडा वेळ राहिला, थोडं अंतर चालवल्यावर गेला.

खरा वाद झाला तो चाचणीच्या फेरीत. काटा १०० वर, जीपीएस ९६. कारागीर म्हणाला, "साहेब, अजून चार कमी आहेत. थोडा आकडा उतरवतो, काटा जीपीएसला टेकवून देतो."

"नको, हे बरोबर आहे."

"अहो, गिऱ्हाईकं तर तेच मागतात."

मागत असतील, पण काटा पुढे असणं ही मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. अनेक देशांनी स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ सांगतो की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल, पण मंजुरीच्या चाचणीत खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर एवढाच. खरा वेग १०० असेल तर काटा १०० ते ११४ मध्ये कुठेही असू शकतो. टायर नवा असो, हवा कमीजास्त असो, काटा खाली घसरू नये म्हणून कंपन्या त्याला आधीच थोडा पुढे ठेवतात. ओडोमीटरला हे फुगवणं लागू नसतं. तो थेट परिघाच्या आकड्यावर चालतो. काटा जीपीएसला टेकवायचा तर २४५० चे २३५२ करावे लागले असते. मग काटा दिसायला सुंदर, आणि शंभर किलोमीटर गेल्यावर मीटरवर ९६. सर्व्हिस उशिरा, अ‍ॅव्हरेज खोटं, गाडी विकताना रीडिंग खोटं. वेग तर फोनवरही दिसतो. किलोमीटरचा हिशेब ठेवणारं गाडीत दुसरं काही नाही.

हे सगळं मी त्याला एवढं सलग सांगितलं नाही. "काटा राहू दे पुढे, दगडांवर चालवून बघू," एवढंच म्हणालो. पन्नास किलोमीटरचे दगड झाले, ओडोमीटरवर पन्नास. त्याने स्कॅनर काढला.

मधल्या काळातले हुकलेले किलोमीटर मात्र परत येत नाहीत, आणि आणूही नयेत. एकूण रीडिंगला हात लावणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. पुढची मोजणी सुधारणं वेगळं. सर्व्हिसच्या वहीत मी दोन रीडिंग लिहिली, टायर बदलले तेव्हाचं आणि दुरुस्ती झाली तेव्हाचं, आणि शेजारी "यामधलं अंतर गुणिले १.०६९". पुढची सर्व्हिस त्या हिशेबाने थोडी आधी केली.

अ‍ॅव्हरेजचंही चित्र स्वच्छ झालं. १०.८ ला १.०६९ ने गुणलं की साडेअकरा. बारावरून साडेअकरा, म्हणजे टायरच्या वजनाने आणि रुंदीने खाल्लेलं डिझेल चार टक्क्यांच्या आसपास. बाकीची घट नुसती कागदावरची होती. दुरुस्तीनंतर टाकी ते टाकी हिशेब साडेअकराच्याच आगेमागे येतो.

या दुरुस्तीने, म्हणजे कॅलिब्रेशनने, काय होत नाही तेही सांगतो. चढाला गाडी पूर्वीसारखी उचलत नाही, कारण टायर मोठा झाला की सगळेच गिअर सात टक्क्यांनी लांब होतात. त्यावर मेमरीतला आकडा काही करू शकत नाही, डिफरन्शिअलचा रेशोच बदलावा लागतो. स्टेपनी जुन्या मापाची राहिली असेल तर तीही बदलून घ्यावी. एकाच धुरीवर दोन मापांची चाकं आली की डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही सतत झिजत राहतं, आणि एबीएसला एक चाक कायम वेगळं फिरताना दिसतं. हवा कमी झाल्याचा इशारा गाडी चाकांच्या फेऱ्यांवरून देत असेल तर तोही नव्याने सेट करावा लागतो. माझ्या गाडीत तो मेनूमध्येच सापडला.

आणि २४५० हा आकडा कायमचा नाही. टायर झिजतो तसा व्यास उतरतो. नऊ मिलिमीटर रबर गेलं की व्यासातून अठरा जातात, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. तेव्हा हाच ओडोमीटर थोडे जास्त किलोमीटर मोजायला लागेल. टायरची अदलाबदल करायच्या वेळी खडू, ओळंबा आणि टेप परत काढायचं ठरवलंय.